केअर होम कसं पारखावं: चौकशीपासून पहिल्या महिन्यापर्यंत

केअर होम, म्हणजे वृद्ध-आजारी माणसांना ठेवून घेऊन सांभाळणारं घर, पाहायला गेलेल्या माणसाच्या नजरेत आधी भरतं ते स्वागतकक्ष, बाग, भिंतींचा रंग आणि खोलीतला पलंग. आपल्या माणसाचं तिथे पुढे काय होणार, हे मात्र यातल्या कशावरूनच कळत नाही. ते ठरतं एका साध्या हिशेबावर: दिवसाच्या कोणत्या तासाला, किती जणांसाठी, किती हात मोकळे आहेत. हात कमी पडले की जेवण घाईत भरवलं जातं आणि वजन उतरतं. कूस बदलायची राहते आणि पाठीला जखम होते. बेल वाजवूनही कोणी येत नाही, म्हणून माणूस एकटाच उठतो आणि पडतो. रात्री कोणाची गडबड नको म्हणून झोपेचं औषध वाढतं. तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण मूळ बहुतेक वेळा एकच असतं. खालची प्रत्येक पायरी करताना मनात एक प्रश्न पक्का धरा: हे काम इथे रात्री दोन वाजता कोण करतं?

पायरी १: आधी आपल्या माणसाची गरज लिहून काढा

घर बघायला निघण्यापूर्वी एक कागद घ्या आणि मोघम शब्द टाळून लिहा. "चालायला त्रास होतो" याने काही कळत नाही. "वॉकर धरून दहा पावलं चालते, पलंगावरून उठताना एका माणसाचा आधार लागतो, रात्री तीनदा लघवीला उठते" असं लिहिलं की समोरच्याला नेमकं उत्तर द्यावं लागतं. गिळताना ठसका लागतो का, चष्मा, श्रवणयंत्र, कवळी आहे का, लघवीची नळी आहे का, अंगावर आधीच्या जखमा आहेत का, विसरण्यामुळे बाहेर निघून जाण्याची सवय आहे का, मन अस्वस्थ झालं की कशाने शांत होते, हे सगळं त्यात यावं. औषधांची यादी मात्रा आणि वेळेसकट जोडा. आजचं वजन लिहा. या वजनाचं काम पुढे पडणार आहे.

हा कागद घराची पहिली परीक्षा घेतो. चांगलं घर तो वाचून उलट प्रश्न विचारतं, प्रवेशाआधी माणसाला स्वतः येऊन भेटतं, आणि आपल्याला झेपणार नसेल तर तसं स्पष्ट सांगतं. काहीही न विचारता "हो हो, आम्ही सगळं करतो" म्हणणाऱ्या घराला एक खोली भरायची आहे, एवढंच समजा.

परवाना आहे का, तो कोणत्या प्रकारच्या काळजीसाठी आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हेही याच टप्प्यावर बघा. फक्त राहण्या-जेवणाची सोय आणि प्रशिक्षित नर्सची काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याची परवानगी घेऊन दुसऱ्याचं काम करणारी घरं असतात. सरकारी तपासणीचे अहवाल मिळत असतील तर एकच न वाचता लागोपाठचे दोन-तीन वाचा. एखादी त्रुटी एकदा सापडणं समजू शकतं. तीच त्रुटी पुढच्या तपासणीतही सापडली, तर त्या घरात ऐकून घेतात आणि सोडून देतात.

पायरी २: फोनवरच तीन प्रश्न

किती जण राहतात? रात्री किती कर्मचारी जागे असतात? रात्री कोणी पडलं तर डॉक्टरांना किंवा रुग्णवाहिकेला बोलवायचा निर्णय कोण घेतं?

दुसऱ्या प्रश्नातला "जागे" हा शब्द सोडू नका. काही ठिकाणी रात्रपाळीचा माणूस झोपलेला असतो आणि हाक मारली तर उठतो. मोजताना तोही धरला जातो. तिसऱ्या प्रश्नाला "मॅनेजरना फोन करून विचारतो" असं उत्तर आलं, तर मॅनेजरनी फोन उचलला नाही तर काय, तेही विचारा. ज्या घरात रात्रीच्या माणसाला स्वतःहून रुग्णवाहिका बोलवायचा अधिकार नाही, तिथे तातडीच्या वेळी हातातली मिनिटं वाया जातात.

पायरी ३: दोनदा जा, वेगवेगळ्या वेळी

पहिली भेट ठरवून घ्या आणि ती जेवणाच्या वेळेची मागा. दुसरी संध्याकाळी उशिरा किंवा सुट्टीच्या दिवशी करा, शक्यतो आधी न कळवता. सकाळी अकरा वाजता कोणतंही घर बरं दिसतं, कारण तेव्हा सगळे कामावर असतात. पाळी बदलते तो अर्धा तास, जेवणानंतरची वेळ, सगळ्यांना एकदम झोपवायची घाई आणि रविवार, या वेळी हात कमी पडतात.

आत गेल्यावर आधी नाकाने बघा. एका खोलीत लघवीचा वास आला तर आत्ताच काहीतरी झालं असेल. पण सगळ्या व्हरांड्यात, गालिच्यात, खुर्च्यांच्या गाद्यांत वास मुरलेला असेल, तर बदलायचं काम रोज उशिरा होतं आहे. सुगंधी फवाऱ्याचा दर्पही याच खात्यात धरा.

मग बेल. पलंगावर असलेल्या पाच-सहा जणांच्या खोल्यांत परवानगी घेऊन डोकवा आणि बेलचं बटण कुठे आहे ते बघा. हाताशी आहे, की भिंतीवर गुंडाळून ठेवलं आहे, की जमिनीवर पडलं आहे? पक्षाघात झालेल्या माणसाचं बटण त्याच्या लुळ्या बाजूला ठेवलेलं असेल, तर ते असून नसल्यासारखं आहे. त्या खोलीतल्या व्यक्तीची हरकत नसेल तर बटण दाबा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांच्या आत कोणीतरी दारात यावं. लगेच मदत करता आली नाही तरी "आले दहा मिनिटांत" असं सांगून जावं. बेलच्या यंत्रात प्रतिसादाची वेळ नोंदली जात असेल, तर मागच्या आठवड्यातल्या रात्रींचा तक्ता मागा. मॅनेजरच्या तोंडी आश्वासनापेक्षा तो तक्ता खरं बोलतो.

पायरी ४: हातांचा हिशेब मांडा

"आमच्याकडे पुरेसा स्टाफ आहे" हे वाक्य ऐकून घ्या आणि मग कागदावर गणित करा. समजा ३० जण राहतात आणि रात्री दोघे जागे असतात. त्यांतल्या आठ जणांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते आणि त्यासाठी दोघांची गरज असते. डायपर बघणं, बदलणं, नीट निजवणं धरून एका जणाला दहा मिनिटं. म्हणजे १२० मिनिटांतली ८० मिनिटं दोघेही कोणाच्या तरी खोलीत, दार लावून. उरलेल्या २२ जणांच्या बेल, लघवी, पाणी, अस्वस्थपणा, कोणी दाराकडे निघालं तर ते, या सगळ्यासाठी ४० मिनिटं उरली, आणि त्यातच नोंदी लिहायच्या. असं वेळापत्रक पाळता येत नाही. मग त्यातलं जे ओरडून मागत नाही ते गळतं, आणि कूस ओरडून मागत नाही.

हा हिशेब त्या घराच्या आकड्यांवर मॅनेजरसमोरच करा. उत्तर देताना ते चिडतात की स्वतः कागद ओढून आकडे भरतात, हे फार काही सांगून जातं.

कर्मचाऱ्यांशी वेगळं बोला. "इथे किती दिवस झाले?" एवढं विचारलं तरी पुरतं. चार जणांपैकी तिघे दोन-तीन महिन्यांचे असतील, तर तुमच्या माणसाला ओळखणारं तिथे कोणी टिकणार नाही. बदली कर्मचारी किती वेळा बोलवावे लागतात, नवा माणूस पहिले काही दिवस अनुभवी माणसाबरोबर राहतो का, नेमणुकीआधी त्याची पार्श्वभूमी तपासली जाते का, हे विचारा.

आणि कोणाला तरी खुर्चीतून उठवताना बघा. काखेत हात घालून वर ओढत असतील, तर चुकीचं आहे. त्याने म्हाताऱ्या माणसाचा खांदा निखळू शकतो आणि उचलणाऱ्याची पाठ जाते. उचलायचं यंत्र असेल तर दोघांनी वापरायला हवं, त्याची झोळी ज्याची त्याला, मापाची आणि नाव घातलेली हवी, आणि यंत्रावर शेवटच्या तपासणीची तारीख हवी. यंत्र धूळ खात कोपऱ्यात उभं असेल तर ते वापरायला वेळ मिळत नाही.

पायरी ५: त्वचा, कारण ती खोटं बोलत नाही

शय्याव्रण, म्हणजे बेडसोर, हा घराच्या रोजच्या कामाचा सर्वांत प्रामाणिक पुरावा आहे. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी तासन्‌तास दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा थांबतो. माकडहाड, टाचा, कुल्ल्यांची हाडं, घोटे, कोपर या जागा आधी बळी पडतात. सुरुवात लाल डागाने होते. त्यावर बोट दाबून सोडा: जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त वाहतं आहे. दाबूनही लालच राहिली, तर जखम आतून सुरू झाली आहे. सावळ्या-काळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताने बघावं लागतं: आजूबाजूपेक्षा जागा गरम, कडक, पिलपिलीत किंवा दुखरी लागते का. हे तुमच्याशी बोलणाऱ्या सिस्टरला माहीत आहे का, ते विचारून बघा.

प्रवेशाच्या वेळी शय्याव्रणाचा धोका मोजायची पद्धत असते. ब्रेडन मापनात ६ ते २३ गुण असतात. गुण जितके कमी तितका धोका जास्त, आणि १८ किंवा त्याहून कमी म्हणजे काळजी घ्यायलाच हवी. तुमच्या माणसाचे गुण किती धरणार आणि त्यावरून काय करणार, हे विचारा. नुसता आकडा लिहून फाइल बंद करणारी घरंही असतात.

कूस बदलायचा चार्ट बघायला मागा (नाव झाकून दाखवला तरी चालेल). दर दोन तासांनी, एका ओळीत, एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेलं १२, २, ४, ६ असं दिसलं, तर तो चार्ट सकाळी एकदम भरलेला आहे. खऱ्या चार्टमध्ये १:५०, ४:१०, "झोप लागली होती, पाठीवरच ठेवलं" असं काहीतरी असतं.

हवेची गादी आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. तिच्या पंपावर माणसाच्या वजनाप्रमाणे दाब लावायचा असतो; तो चुकीचा असेल तर गादी दगडासारखी कडक होते किंवा माणूस खाली टेकतो. तिच्यावर दोन चादरी, प्लॅस्टिक आणि पॅड अशी चवड रचली की तिचा उपयोगच संपतो. आणि हवेची गादी आली तरी कूस बदलावीच लागते. लाल जागेवर चोळून मालिश करणं किंवा भोक असलेली गोल उशी खाली ठेवणं, या दोन्ही जुन्या सवयी नुकसान करतात. त्या तिथे दिसल्या तर प्रशिक्षण अनेक वर्षांत झालेलं नाही.

शेवटी सरळ विचारा: आज किती जणांना शय्याव्रण आहे, आणि त्यांतल्या किती जणांना ते इथे आल्यावर झालं? "कोणालाच नाही" हे उत्तर छोट्या घरात खरं असू शकतं. पण दुसऱ्या प्रश्नावर जो अडखळतो, त्याने ते कधी मोजलेलं नाही.

पायरी ६: जेवणाच्या वेळी बसून राहा

ज्याला भरवावं लागतं त्याला नीट जेवायला अर्धा तास सहज लागतो, कधी चाळीस मिनिटंही. किती जणांना भरवायचं आणि भरवणारे किती, हा भागाकार तिथेच बसून करा. भरवणारा खुर्चीत समोर बसलेला असावा. उभं राहून वरून चमचा दिला की जेवणारा मान वर करतो, श्वासनलिका उघडी पडते आणि घास चुकीच्या वाटेने जातो. हा घास फुप्फुसात गेला की न्यूमोनिया होऊ शकतो, आणि वयस्कर माणसाला तो जिवावर बेतू शकतो.

गिळायला त्रास असणाऱ्यांसाठी अन्न आणि पातळ पदार्थ किती घट्ट करायचे, याच्या ० ते ७ अशा आंतरराष्ट्रीय पायऱ्या ठरलेल्या आहेत. स्वयंपाकघरात कोणासाठी कोणती पायरी, हे लिहून लावलेलं आहे का? भरवणाऱ्याला विचारलं तर ती सांगते का? "पातळच देतो सगळं, म्हणजे सोपं जातं" असं उत्तर आलं तर सावध व्हा. पाण्यासारखं पातळ द्रव अशा माणसाला सर्वांत धोक्याचं असतं, कारण ते घशातून भरभर उतरतं. जेवताना ताठ बसवणं आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं न करणं, हेही बघा. जेवण संपताक्षणी सगळ्यांना पलंगावर नेत असतील तर घाई कोणाची आहे ते कळतंच.

पाण्याचा ग्लास भरलेला आहे, पण हात पोचतो का? संध्याकाळी तोच ग्लास तसाच भरलेला असेल, तर पाणी ठेवलं गेलं, पाजलं गेलं नाही.

वजन दर महिन्याला घ्यायला हवं, धोक्यातल्या माणसाचं दर आठवड्याला. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन आपोआप उतरणं ही गंभीर खूण मानली जाते. ६० किलोच्या माणसाचं महिन्यात ५७ किंवा सहा महिन्यांत ५४ झालं, की डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांना कळवायचं असतं. मागच्या वेळी असं झालं तेव्हा काय बदललं, ते दाखवायला सांगा. तोंडाची स्वच्छता इथेच धरा: अस्वच्छ तोंडातले जंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. दात रोज कोण घासतं, कवळीवर नाव आहे का, रात्री ती काढून धुतली जाते का?

पायरी ७: औषधं

औषधं देण्याच्या फेरीत दहा मिनिटं लांबून उभे राहा. एका माणसाचं औषध काढायचं, नाव ताडायचं, द्यायचं, गिळलं हे बघायचं आणि मगच सही करायची, असा क्रम असतो. ट्रेमध्ये सगळ्यांच्या वाट्या आधीच भरून ठेवलेल्या दिसल्या, तर एका धक्क्याने दोन वाट्यांची अदलाबदल होऊ शकते. चार्टवर सह्या आधीच झालेल्या असतील, तर कोणी औषध नाकारलं हे कधीच नोंदलं जाणार नाही. रिकामा चौकोनही तितकाच वाईट: औषध दिलं नाही की सही राहिली, हे पुढच्या पाळीला कळत नाही आणि दुसरी मात्रा जाऊ शकते. न दिलेल्या औषधासमोर कारण लिहिलेलं हवं.

गोळ्या कुटून देतात का, हे विचारा. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. कुटायची असेल तर प्रत्येक गोळीसाठी डॉक्टर किंवा फार्मासिस्टची लेखी संमती हवी. पार्किन्सन्सच्या लेवोडोपासारख्या औषधाला वेळ चुकवून चालत नाही. "सकाळच्या फेरीत देतो" असं मोघम सांगितलं तर ज्याला सातला हवं त्याला साडेनऊला मिळतं, आणि मधला वेळ तो माणूस आखडून बसतो. इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये तापमापक हवा, २ ते ८ अंशांची रोजची नोंद हवी, आणि त्यात कोणाचा डबा नको.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: स्मृतिभ्रंश असलेल्या किती जणांना मन शांत करणारी किंवा झोप आणणारी औषधं रोज चालू आहेत? अशा रुग्णांना मनोविकारांवरची काही औषधं दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ साली नव्या गटातल्या औषधांबाबत दिला आणि २००८ साली जुन्या गटालाही तो लागू केला. ही औषधं कधीकधी खरोखर लागतात. पण आधी दुखणं, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, एकटेपणा ही कारणं शोधली का, औषध कोणत्या तारखेला थांबवून बघणार, हे लिहिलेलं हवं. दुपारी बैठकीच्या खोलीत बहुतेक जण मान टाकून झोपलेले असतील, तर या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला न विचारताच मिळालं.

पायरी ८: पडणं, कठडे आणि बांधून ठेवणं

"आमच्याकडे कोणी पडत नाही" असं सांगणाऱ्या घरात एक तर नोंद होत नाही किंवा कोणाला उठूच देत नाहीत. त्यापेक्षा असं विचारा: शेवटचा माणूस कधी पडला, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं? चांगल्या उत्तरात तपशील असतो: रात्री तीन वाजता बाथरूमकडे जाताना पडले, म्हणून आता अडीचला आपणहून नेतो, वाटेत मंद दिवा लावला, चपला बदलल्या, रक्तदाबाचं औषध डॉक्टरांना दाखवलं. "लक्ष ठेवायला सांगितलं" हे उत्तर नव्हे. डोक्याला मार लागला आणि माणूस रक्त पातळ करणारं औषध घेत असेल, तर वरून काही दिसत नसलं तरी लगेच डॉक्टरांकडे न्यायचं, हे रात्रपाळीच्या माणसाला पाठ हवं.

पलंगाचे कठडे सुरक्षित वाटतात, पण ते सगळ्यांसाठी नाहीत. गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढतो आणि जास्त उंचीवरून पडतो. किंवा कठडा आणि गादी यांच्या फटीत अडकतो. डोकं अडकू नये म्हणून कठड्याच्या गजांमधली आणि कठड्याखालची फट १२० मिलिमीटरपेक्षा लहान असावी, असं अमेरिकेतल्या २००६ सालच्या मार्गदर्शनात सांगितलं आहे. छोटी पट्टी खिशात ठेवा आणि मोजा. एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: साध्या गादीवर जाड हवेची गादी घातली की माणूस वर येतो आणि कठडा तेवढाच ठेंगणा पडतो. पडायचा धोका असेल तर जमिनीलगत खाली येणारा पलंग आणि बाजूला मऊ चटई हा पुष्कळदा बरा उपाय असतो.

खुर्चीचा पट्टा, पुढे अडकवलेला ट्रे, उठता येऊ नये इतकी खोल खुर्ची, हातापासून दूर ठेवलेला वॉकर, ही सगळी बांधून ठेवण्याचीच रूपं आहेत. यांतलं काही दिसलं तर त्याचं लेखी कारण, परवानगी आणि पुन्हा विचार करायची तारीख विचारा.

पायरी ९: गरम पाणी आणि आग

पाण्यात एक पेच आहे. टाकीतलं पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, कारण २० ते ४५ अंशांत लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. फिलाडेल्फियात १९७६ साली एका मेळाव्यातल्या लोकांना झालेल्या न्यूमोनियामुळे हे जंतू ओळखले गेले. पण ६० अंशांचं पाणी अंगावर पडलं तर पाचेक सेकंदांत खोल भाजतं, आणि ज्याला संवेदना कमी आहे तो हातही मागे घेत नाही. म्हणून नळापाशी गार-गरम मिसळणारा तापमान-नियंत्रक लागतो. ब्रिटनमधल्या केअर होमना टबासाठी ४४ आणि शॉवरसाठी ४१ अंशांची कमाल मर्यादा आहे. हाच आकडा कुठेही धरायला हरकत नाही. आंघोळघरात तापमापक आहे का, प्रत्येक आंघोळीआधी नोंद होते का, न वापरलेले नळ दर आठवड्याला सोडले जातात का, ते बघा.

आगीसाठी दारं बघा. स्कॉटलंडमधल्या एका केअर होममध्ये ३१ जानेवारी २००४ च्या पहाटे कपाटातल्या विजेच्या बिघाडाने आग लागली आणि १४ वृद्ध गेले. खोल्यांची दारं उघडी होती, त्यामुळे धूर आत शिरला, आणि अग्निशमन दलाला कळवायलाही उशीर झाला. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात लिल-व्हर्ट इथे २३ जानेवारी २०१४ च्या रात्री वृद्धनिवासाला आग लागली, ३२ जण गेले. ज्या भागात स्प्रिंकलर (आग लागताच छतातून पाणी फवारणारे नळ) होते तो भाग वाचला. म्हणून खुंटी, खुर्ची किंवा दगड लावून उघडी ठेवलेली अग्निरोधक दारं दिसली की तिथेच थांबून विचारा. ज्यांना चालता येत नाही त्यांना जिन्याने खाली नेणं रात्रीच्या दोन माणसांना शक्यच नसतं. त्यांना त्याच मजल्यावर अग्निरोधक दारापलीकडच्या भागात सरकवायचं असतं. तसा आराखडा आहे का, प्रत्येकाला कसं हलवायचं हे लिहिलेलं आहे का, आणि सराव रात्रपाळीच्या माणसांबरोबर, रात्रीच्याच संख्येत झाला आहे का? दिवसा वीस जणांनी केलेला सराव रात्रीच्या कामाचा नाही. एक बारकावा: पॅराफिन असलेली मलमं कपड्यांत आणि चादरीत मुरली की कापड झटकन पेट घेतं; ती लावणाऱ्याजवळ बिडी-सिगारेट किंवा मेणबत्ती नको.

पायरी १०: संसर्ग, वागणूक, करार

हात धुण्याची सोय प्रत्येक खोलीजवळ हवी. जुलाबाची साथ असेल तर निव्वळ हाताला चोळायच्या जेलवर भागत नाही, साबण आणि पाणीच लागतं. हे कर्मचाऱ्यांना विचारून बघा. खरजेचंही विचारा. पहिल्यांदा झालेल्या खरजेची खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर ती पसरलेली असते. म्हणून एकट्याला मलम लावून उपयोग नसतो, संपर्कातल्या सगळ्यांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात.

वागणूक कानाने कळते. दार वाजवून आत जातात का? माणसाशी बोलतात की त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी? "चला, सगळ्यांचे डायपर करून घेऊ" असं व्हरांड्यात ओरडतात का? अंगावरचे कपडे ज्याचे त्याचे आहेत का? दुपारी चार वाजता तिथे कोण काय करत आहे, हे भिंतीवरच्या कार्यक्रमाच्या तक्त्याशी ताडून बघा.

करारनामा घरी आणून वाचा. मासिक रकमेत काय धरलं आहे आणि काय वेगळं, दर वर्षी वाढ कशी ठरते, रुग्णालयात असताना खोलीचे किती पैसे, किती दिवसांची नोटीस, गरज वाढली तर ठेवणार की काढणार, आणि मृत्यूनंतर किती दिवसांचे पैसे कापतात व डिपॉझिट कधी परत, ही उत्तरं लेखी हवीत. माणसाचे हातखर्चाचे पैसे घर सांभाळणार असेल तर प्रत्येक खर्चाची पावती आणि दोन सह्या मागा.

पायरी ११: पहिला महिना

प्रवेशाच्या दिवशी सिस्टरसमोर अंगावरची कातडी नखशिखान्त बघा, डाग-जखमांची तारखेसह नोंद करा, संमतीने फोटो काढा. वजन करा. श्रवणयंत्र, कवळी, चष्मा, अंगठी यांची यादी करून दोघांनी सही करा. हे न केल्यास पुढे "आलं तेव्हाच असं होतं" या वाक्याला उत्तर राहत नाही.

पहिले चार आठवडे वेगवेगळ्या वेळी जा. दर भेटीत टाचा आणि पाठ बघा, ओठ-जीभ कोरडी आहे का बघा, डायपर किती जड आहे ते बघा, बेल हाताशी आहे का बघा. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांसारखे वण, मांडीच्या आतले वण, एकाच जखमेची दोन वेगळी कारणं सांगितली जाणं, विशिष्ट कर्मचारी आला की माणूस गप्प होणं, या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी मॅनेजरना लेखी कळवा आणि स्थानिक तक्रार यंत्रणेलाही कळवा. एका-दोन दिवसांत एकदम वाढलेला गोंधळ "वयामुळे" म्हणून सोडू नका. त्यामागे संसर्ग, निर्जलता किंवा नवं औषध असू शकतं, आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासायला हवं.

तक्रार केली तर आपल्या माणसावर राग निघेल, ही भीती बहुतेक घरच्यांना असते आणि ती निराधार नाही. म्हणून लहान तक्रारी पहिल्या आठवड्यापासूनच शांतपणे, तारीख घालून, दोन ओळींत लिहून द्या आणि केलेल्या कामाचे आभारही तसेच लिहून द्या. तुम्ही बघता आणि लिहिता, हे घराला रोजच्या सवयीने कळू द्या. महिना संपला की पुन्हा वजन करा आणि पहिल्या दिवसाच्या आकड्याशेजारी लिहा. शक्य असेल तर परवानगी घेऊन एक रात्र माणसाच्या खोलीत खुर्चीवर काढा, आणि दोन ते चार या वेळात दार किती वेळा उघडतं ते मोजा.